अमेरिकेतल्या पुरुषाला नेमकं झालंय काय?

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या क्वांटिको तळावर जगभरातून शेकडो जनरल आणि ॲडमिरल बोलावून घेतले होते. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी त्यांना बजावलं, की लढाऊ जागांसाठीच्या शारीरिक चाचण्या यापुढे पुरुषांच्या सर्वांत वरच्या निकषावर होतील. दाढ्या चालणार नाहीत, सुटलेली पोटं चालणार नाहीत. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, ३० जुलैला, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एक आदेश काढला होता. तरुण पुरुषांच्या आत्महत्या कमी करा, शाळांमध्ये पुरुष शिक्षक आणि समुपदेशक वाढवा, मुलांना कामाचं शिक्षण मिळवून द्या, असं त्यात सरकारी खात्यांना सांगितलं होतं.

एक रिपब्लिकन, दुसरा डेमोक्रॅट. एकाला पुरुष मऊ पडलेला दिसतो, दुसऱ्याला तो खचलेला दिसतो. एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या या दोन बाजू एवढं मात्र मान्य करतात, की अमेरिकन पुरुषाचं काहीतरी बिनसलंय.

आपल्यापर्यंत या गोष्टी तुकड्यातुकड्यांनी येतात. कधी एखाद्या पॉडकास्टची क्लिप येते, कधी निवडणुकीची बातमी, कधी ‘विषारी पुरुषत्व’ असा शब्द कानावर पडतो. मग वाटतं, की हा सगळा खात्यापित्या घरच्या लोकांचा शब्दांचा वाद आहे. मला तसं वाटत नाही. यात कामधंदा आहे, शाळा आहे, लग्न आहे आणि खूप मोठा एकटेपणा आहे. म्हणून जरा मुळापासून बघू.

पुरुष असणं पुरेसं का नसतं?

या लेखात ‘पुरुषत्व’ म्हणजे शरीर नव्हे. ‘खरा पुरुष कसा असावा’ याबद्दल समाजाने मनाशी धरलेल्या अपेक्षा, एवढाच अर्थ घेऊ.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोसेफ वँडेलो आणि जेनिफर बॉसन यांनी २००८च्या सुमारास या अपेक्षांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट मांडली. मुलगी वयात आली की तिचं बाईपण लोक गृहीत धरतात. पुरुषत्व मात्र कमवावं लागतं, आणि कमावलं तरी ते हातचं जाऊ शकतं. पेन्शन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसं काहीसं हे आहे. माणूस समोर धडधडीत उभा असतो, तरी दाखला लागतोच. आणि पुरुषत्वाच्या बाबतीत तो वर्षातून एकदा देऊन भागत नाही.

त्यांचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. काही तरुणांना एका पुतळ्याच्या डोक्यावरच्या केसांची वेणी घालायला लावली. दुसऱ्या गटाने तशीच वेणी घातली, पण दोरखंडाची. हातांची हालचाल तीच, कौशल्य तेच. त्यानंतर दोन्ही गटांना विचारलं, आता काय कराल, कोडं जुळवाल की बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे माराल? केसांची वेणी घातलेल्यांनी ठोसे जास्त निवडले. काही मिनिटं ‘बायकी’ काम करावं लागलं, तेवढ्यानेच दाखला पुन्हा सादर करण्याची निकड वाटली. पुढे ज्या ज्या गोष्टी येतील, त्यांच्या तळाशी ही निकड आहे.

‘पूर्वीचे पुरुष’ म्हणजे नेमके केव्हाचे?

दर पिढीला आपल्या आधीचे पुरुष खरे वाटत आलेत. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकी सरकारने जाहीर केलं, की पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची सीमारेषा आता उरलेली नाही. जमीन मोकळी करून शेत वसवणारा, स्वतःच्या दुकानाचा किंवा भट्टीचा मालक असलेला पुरुष कमी होत गेला. त्याच्या जागी शहरात दुसऱ्याच्या हाताखाली टेबलाशी बसणारा कारकून आला. लगेच चिंता सुरू झाली, की आपली मुलं नाजूक होत चालली आहेत.

या चिंतेचा सर्वांत मोठा आवाज होता थिओडोर रूझवेल्ट यांचा. लहानपणी दम्याने बेजार असलेला हा श्रीमंताघरचा मुलगा व्यायामाने अंग कमावत गेला, डाकोटात गुरं राखून आला, आणि १० एप्रिल १८९९ रोजी शिकागोच्या भाषणात त्याने देशाला आरामाचं नव्हे तर कष्टाचं आयुष्य जगायला सांगितलं. फुटबॉलच्या मैदानावर खेळाडू मरत असल्याची ओरड वाढली, तेव्हा १९०५ साली राष्ट्राध्यक्ष असलेल्या रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. खेळ बंद करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. नियम सुधारा, पण खेळ टिकवा, असं होतं. पाच वर्षांनी, १९१० मध्ये, अमेरिकेत बॉय स्काउट्स सुरू झाले.

त्याच काळातला एक फोटो आहे. १८८४ साली काढलेला, अडीच वर्षांच्या फ्रँकलिन रूझवेल्टचा. पांढरा झगा, खांद्यापर्यंत केस, पायात चकचकीत बूट, मांडीवर पिसं लावलेली टोपी. पुढे हाच मुलगा चार वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि त्याने दुसऱ्या महायुद्धात देश चालवला. त्या वेळी लहान मुलग्यांना झगा घालणं हा घरोघरचा रिवाज होता, त्यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं.

आणि घोड्यावर बसलेला, ओठात सिगारेट धरलेला तो काउबॉय? मार्लबोरो ही १९२०च्या दशकात बायकांसाठी विकली जाणारी सिगारेट होती. लिपस्टिकचा डाग दिसू नये म्हणून तिचं टोक लाल केलेलंही मिळायचं. १९५०च्या दशकात फुप्फुसाच्या कर्करोगाचे अहवाल येऊ लागले, कंपन्यांना फिल्टर लावावा लागला, पण पुरुष फिल्टरची सिगारेट हातात धरेनात. ती बायकी समजली जायची. तेव्हा शिकागोच्या लिओ बर्नेट या जाहिरात संस्थेने काउबॉय आणला आणि तीच सिगारेट मर्दपणाची खूण झाली. त्या जाहिरातींत दिसलेले काही पुरुष पुढे धूम्रपानाच्याच आजारांनी गेले.

मुद्दा एवढाच, की ज्याला लोक ‘सनातन’ म्हणतात ते अनेकदा आजोबांच्या लहानपणी कुणीतरी घडवलेलं असतं.

पगाराचं पाकीट

आज अमेरिकेत जो ‘जुना पुरुष’ आठवला जातो, तो बहुतेक वेळा १९४५ ते १९७० या पंचवीसेक वर्षांतला आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४च्या कायद्याने कॉलेजची फी आणि घरासाठी स्वस्त कर्ज मिळालं. कारखाने जोरात होते, कामगार संघटना भक्कम होत्या. शाळा संपवून थेट पोलादाच्या किंवा मोटारींच्या कारखान्यात लागलेला मुलगा पंचविशीत घर, गाडी आणि संसार उभा करू शकत होता. १९५०च्या दशकात पंचवीस ते चोपन्न वयाच्या शंभर पुरुषांपैकी सुमारे ९७ जण कामावर तरी असत किंवा कामाच्या शोधात तरी.

त्यामुळे एक सोपी व्याख्या रुजली. जो कमावतो आणि घर पोसतो तो पुरुष. बोलका नसला तरी चाले, मुलांशी खेळला नाही तरी चाले, शुक्रवारी पगाराचं पाकीट घरी आलं म्हणजे झालं. या व्याख्येला मी तुच्छ लेखणार नाही. लाखो माणसांनी तिच्यासाठी पाठी मोडेस्तोवर काम केलं, आणि ते प्रेमापोटी केलं.

पण ती सगळ्यांसाठी खुली नव्हती. बायकांना ती परावलंबी ठेवत होती. नवऱ्याची किंवा वडिलांची सही नाही म्हणून बाईला कर्ज नाकारणं बँकांना शक्य होतं. असं नाकारायला कायद्याने बंदी आली ती १९७४ साली. आणि कृष्णवर्णीय पुरुषांना तर ही व्याख्या दाराबाहेरच थांबवत होती. सैनिकांच्या कायद्याचे फायदेही त्यांच्यातल्या अनेकांना प्रत्यक्षात मिळाले नाहीत.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी टेनेसीतल्या मेम्फिस शहरात इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या भागात शिरले होते. यंत्र बिघडून सुरू झालं आणि दोघे त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० सफाई कामगारांनी, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, काम बंद केलं. मोर्चात प्रत्येकाच्या गळ्यात एकच फलक होता, ‘मी माणूस आहे, मी पुरुष आहे’ असं सांगणारा, मोजक्या चार शब्दांचा. त्या दक्षिणेत साठीच्या कृष्णवर्णीय माणसालाही गोरा मुकादम ‘ए पोरा’ म्हणूनच हाक मारत असे. याच संपाच्या पाठिंब्यासाठी आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मारले गेले. त्यानंतर बारा दिवसांनी शहराने संघटनेला मान्यता दिली आणि पगार वाढवला.

त्या फलकात कुणावर हुकूमत गाजवण्याची भाषा नव्हती. बायकोला धाकात ठेवायचं नव्हतं, कुणाला ठोसा मारायचा नव्हता. सुरक्षित काम, पुरेसा पगार आणि नावाने हाक, एवढंच होतं. पुरुषत्वाबद्दल अमेरिकेत जे जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात मला हा फलक सर्वांत वरचा वाटतो.

पाकीट आटलं

ओहायोतलं यंग्सटाउन हे पोलादाचं गाव. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. कंपनीने त्या दिवशी कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे पाच हजार माणसांचं काम गेलं. तिथले लोक अजून त्याला ‘काळा सोमवार’ म्हणतात. पुढच्या तीन-चार वर्षांत आसपासचे आणखी कारखाने बंद पडले. १९६० मध्ये यंग्सटाउनची लोकसंख्या १,६६,००० होती, २०२० मध्ये ती ६०,००० उरली.

हे एका गावाचं राहिलं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या १ कोटी ९५ लाख होत्या, २०१०च्या सुरुवातीला त्या १ कोटी १५ लाखांच्या आसपास आल्या. यंत्रं आली, कंपन्यांनी कारखाने हलवले, आणि २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यानंतर आयातीचा लोंढा आला. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ज्या भागांत या आयातीमुळे पुरुषांच्या नोकऱ्या गेल्या, तिथे लग्नं कमी झाली आणि एकट्या आईकडे वाढणारी मुलं वाढली.

दुसरा बदल शाळा-कॉलेजात झाला. १९७२ साली शिक्षणात लिंगभेद करायला बंदी घालणारा कायदा आला, तेव्हा पदवीच्या वर्गांत मुलगे स्पष्ट जास्त होते. दहा वर्षांत मुली बरोबरीला आल्या आणि पुढे गेल्या. आज पदवीच्या वर्गात शंभरातल्या ५७-५८ मुली आणि ४२-४३ मुलगे असं चित्र आहे. १९७२ मध्ये शंभरातल्या ८५ जोडप्यांत नवरा मुख्य कमावता होता, २०२२ मध्ये हे प्रमाण ५५ वर आलं. पंचवीस ते चोपन्न वयाच्या पुरुषांपैकी दर शंभरी दहाअकरा जण आज ना काम करतात, ना शोधतात.

म्हणजे कमावता पुरुष ही व्याख्या तशीच राहिली आणि ती पुरी करण्याची साधनं बऱ्याच पुरुषांच्या हातून निसटली. मुलींना या पन्नास वर्षांत कुणीतरी सतत सांगत आलं, की तू घरही सांभाळू शकतेस आणि इंजिनीअरही होऊ शकतेस. मुलग्यांना त्याच जोराने ‘तू नर्सही होऊ शकतोस, घरी राहून बाळही वाढवू शकतोस’ असं सांगायला फार कुणी उभं राहिलं नाही.

मग हे सगळं कमावत्या बायकांमुळे झालं?

हा आक्षेप उघडपणे किंवा आडून नेहमी येतो. यंग्सटाउनचा कारखाना बायकांनी बंद केला नाही. ती पोलादाची नोकरी कुठल्याही बाईने हिसकावून घेतली नाही, ती नोकरीच संपली. उलट नवऱ्याचा पगार थांबला किंवा घसरला तेव्हा हजारो घरं तरली ती बायकोच्या पगारावर. कॉलेजातही मुलींनी मुलांच्या जागा बळकावल्या असं नाही. बारावीपर्यंतच मुलगे मागे पडत जातात. न्यूसम यांच्या आदेशात पुरुष शिक्षकांचा मुद्दा येतो तो यामुळेच. १९८०च्या दशकात अमेरिकी शाळांत तीनपैकी एक शिक्षक पुरुष होता, आज चारपैकी एकही पुरता नाही.

पण सत्ता तर अजून पुरुषांच्याच हातात आहे ना?

आहे. आजवरचे सगळे राष्ट्राध्यक्ष पुरुष आहेत. संसदेत बायका तीसपेक्षा कमी टक्के आहेत. पूर्णवेळ काम करणारी बाई पुरुषाच्या एका डॉलरमागे साधारण ८३ सेंट मिळवते. २०१७ मध्ये ‘मी टू’च्या लाटेत बायकांनी जे सांगितलं, ते खोटं नव्हतं.

पण शिखरावरचे पुरुष मोजून पायथ्याच्या पुरुषाची अवस्था कळत नाही. अमेरिकेत आत्महत्या करणाऱ्या दर पाच जणांत चार पुरुष असतात. २०२३ मध्ये बायकांचं सरासरी आयुर्मान ८१.१ वर्षं होतं, पुरुषांचं ७५.८. अॅन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं, की कॉलेज न केलेल्या मध्यमवयीन गोऱ्यांमध्ये अमली औषधं, दारू आणि आत्महत्या यांनी होणारे मृत्यू वाढत चाललेत. त्यांना पुढे ‘हताशेचे मृत्यू’ हे नाव पडलं. कंपनीचा पुरुष प्रमुख आणि काम गेलेला, गोळ्यांच्या आहारी गेलेला पुरुष हे दोघं एकाच देशात राहतात. एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याला गप्प करणं मला अन्यायाचं वाटतं. आणि दुसऱ्याचं दुःख पुढे करून बाईवरच्या अन्यायावर पांघरूण घालणं तितकंच अन्यायाचं.

‘विषारी पुरुषत्व’ म्हणजे सगळे पुरुष विषारी?

नाही. रडायचं नाही, मदत मागायची नाही, चिडलं की हात उचलायचा, बाईपुढे नमतं घ्यायचं नाही, अशा ज्या शिकवणुकीने इतरांचं आणि स्वतः पुरुषाचंही नुकसान होतं, तेवढ्यालाच हा शब्द लावायचा असतो. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की तो १९८०-९०च्या दशकांत पुरुषांच्याच एका चळवळीतून पुढे आला, बाप-लेकाचं तुटलेलं नातं जोडू पाहणाऱ्या मंडळींकडून.

पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं, याचाही विचार करायला हवा. जानेवारी २०१९ मध्ये जिलेटने आपली तीस वर्षांची घोषणा बदलून एक जाहिरात केली. मारामारी करणाऱ्या पोरांना सोडवा, बाईची छेड काढणाऱ्या मित्राला अडवा, असा तिचा आशय. आशय चांगलाच होता. पण तिच्यावर पसंतीपेक्षा नापसंतीचा पाऊस पडला. त्याच महिन्यात अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मुलगे आणि पुरुषांवरच्या उपचारांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं चर्चेत आली आणि पुन्हा तोच गदारोळ झाला. ज्याचं काम गेलंय, जो घरात कमी पडल्याच्या भावनेने आधीच पोखरलाय, त्याला ‘तुझ्यात विष आहे’ एवढंच ऐकू गेलं. हा शब्द आता कामाचा राहिलेला नाही, असं माझं मत आहे. वागणं चुकीचं असेल तर त्या वागण्याचं नाव घ्यावं.

सोळा वर्षांचा मुलगा तिकडे का वळतो?

इथे पोकळी तयार होते, आणि ती भरायला इंटरनेट टपून असतं. मुलगा आधी जिमचे व्हिडिओ शोधतो. मग पैसे कसे कमवायचे, मुलींशी कसं बोलायचं. पहिले दहा सल्ले चांगलेच असतात. लवकर उठ, व्यायाम कर, फोन बाजूला ठेव. अकरावा सल्ला असा, की तुझ्या दुःखाला बायका कारणीभूत आहेत. इंटरनेटवर मर्दपणाचे धडे देणारे अँड्र्यू टेटसारखे लोक याच वाटेने कोट्यवधी मुलांपर्यंत पोचले. २०२२च्या अखेरीस त्याला रोमानियात मानवी तस्करीच्या संशयावरून अटक झाली, तो आरोप नाकारतो, आणि त्याचे चाहते हटलेले नाहीत.

मुलगा तिकडे जातो त्याचं मोठं कारण, तिथे कुणीतरी त्याच्याशी बोलतं. १९९० मध्ये शंभर अमेरिकी पुरुषांपैकी तिघांनी सांगितलं होतं, की मला एकही जवळचा मित्र नाही. २०२१च्या पाहणीत असं सांगणारे पंधरा निघाले. चर्च, युनियनचा हॉल, मोहल्ल्यातला बोलिंग क्लब, जिथे पुरुष एकमेकांना काही न विचारताही भेटत, त्या जागा ओस पडल्या.

राजकारण्यांनी हे ओळखलं. २०२४च्या जुलैमध्ये रिपब्लिकन अधिवेशनाच्या मंचावर कुस्तीगीर हल्क होगनने अंगातला शर्ट टराटरा फाडला. ऑक्टोबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प जो रोगनच्या पॉडकास्टवर जवळजवळ तीन तास बसले. डेमोक्रॅट्सनी फुटबॉलचे माजी प्रशिक्षक टिम वॉल्झ यांना उपाध्यक्षपदासाठी उभं केलं. तिशीच्या आतले पुरुष २०२०च्या तुलनेत ट्रम्प यांच्याकडे ठळकपणे सरकले. २०२५च्या जानेवारीत मार्क झकरबर्गही रोगनसमोर बसून म्हणाले, की कंपन्यांमध्ये पुरुषी ऊर्जा हवी. अब्जाधीशालाही दाखला द्यावासा वाटला.

शरीराचं काय? निसर्ग काही असतोच की

असतोच. पुरुषांची सरासरी ताकद जास्त, टेस्टॉस्टेरॉन हा हार्मोन जास्त, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शरीर एकाच बाजूला ओढत नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी फिलिपिन्समधल्या सेबूतल्या सहाशेहून जास्त तरुणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. बाप झालेल्या पुरुषांचं टेस्टॉस्टेरॉन चांगलंच उतरलं होतं, आणि जे मुलांसोबत रोज जास्त तास घालवत त्यांचं त्याहून खाली होतं. बाळ सांभाळणं पुरुषाच्या निसर्गाविरुद्ध असतं, तर शरीराने अशी तयारी केली नसती.

नव्याने काय आकार घेतंय?

गदारोळाच्या खाली, फारसा आवाज न करता, बरंच बदललंय. १९६५ मध्ये अमेरिकी बाप आठवड्याला अडीच तास मुलांकडे बघत असे, २०१६ मध्ये आठ तास. घरी राहून मुलं वाढवणाऱ्या पालकांमध्ये १९८९ मध्ये ११ टक्के बाप होते, २०२१ मध्ये १८ टक्के. ऑक्टोबर २०१६ मध्ये बराक ओबामांनी एका छोट्या कायद्यावर सही केली. लोकांसाठी खुल्या असलेल्या केंद्र सरकारी इमारतींमध्ये पुरुषांच्या स्वच्छतागृहातही बाळाचे लंगोट बदलायची फळी हवी, एवढंच त्यात होतं. तोपर्यंत बाळाला घेऊन आलेल्या बापाला बाकावर किंवा जमिनीवर टॉवेल अंथरून ते काम उरकावं लागे.

अमेरिकेतल्या मराठी घरांनाही हे वारं लागलंय. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये भांडी घासायला बाई नसते, पाहुणे म्हणून आलेले आईवडील सहसा सहा महिन्यांवर राहू शकत नाहीत, तेव्हा डबे भरणं, पोराला पोहायला नेणं हे पुरुषाच्या वाट्याला येतंच. जिथे बायकोच्या नोकरीवर कुटुंब गेलंय, तिथे एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला २०१५पर्यंत कामाची परवानगीच नव्हती, आणि आजही ती सगळ्यांना नाही. घरातलं काम त्याला जमतं. पुण्याहून फोनवर आलेला ‘मग जावईबापू सध्या काय करतात?’ हा प्रश्न मात्र जड जातो.

कामाच्या जगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जो होगन हा मिसिसिपीतला नर्स. पुढची पदवी घ्यायला तो गावातल्याच सरकारी विद्यापीठात गेला, तर ते बायकांसाठी राखीव म्हणून त्याला नाकारलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १ जुलै १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तो जिंकला. निकाल लिहिला होता सँड्रा डे ओकॉनर यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. पुरुषांना बाहेर ठेवल्याने नर्सिंग म्हणजे बायकांचंच काम ही जुनी समजूत पक्की होते, असं त्यांनी नोंदवलं. १९७० मध्ये शंभर नर्सेसमध्ये तीनही पुरुष नव्हते. आज बाराच्या आसपास आहेत.

पण खाणकामगार नर्स होईल का?

सगळेच होणार नाहीत, आणि त्यामागे फक्त अहंकार नाही. नोंदणीकृत नर्सचा मधला पगार वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास आहे, तिथे पुरुष येतायत. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या सेवकाला ३५ हजारांच्या आसपास मिळतात. त्यात घर चालत नाही. ते काम करणाऱ्या बायकांचंही चालत नाही.

कारखान्याचं कामही जन्मतःच मानाचं नव्हतं. १९२३ पर्यंत अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीत बारा तासांची पाळी होती. १९३७ मध्ये यंग्सटाउनच्या त्याच कंपनीसह काही पोलाद कंपन्यांत संप झाला, गोळ्या चालल्या, गावात माणसं मेली, आणि संघटनेला मान्यता मिळायला आणखी चार-पाच वर्षं लागली. पोलाद ओतणाऱ्याला पुरुषाचा मान दिला तो वितळलेल्या लोखंडाने नव्हे, संघटनेने कंपनीशी केलेल्या करारातल्या पगाराने, सुट्टीने आणि पेन्शनने. सेवेच्या कामाला अजून तसा करार मिळालेला नाही. पगारी पितृत्व रजा देणारा देशव्यापी कायदाही अमेरिकेत नाही. १९९३च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, आणि तीही सगळ्यांना नाही. ज्याच्या घरात दोन महिन्यांची शिल्लक नाही, तो बाप ती घेत नाही.